पाचवा शब्द

मंगळवारी आणि शुक्रवारी मी लोरिंत्सला ट्रामनं नेते,
मिश्कोल्त्सच्या मोठ्या स्टेशनाअलीकडे, तिसऱ्या मजल्यावर.
तिथं चेंगे नावाची मुलगी त्याला हेडफोन चढवते
आणि विचारते, आजोबा, आवाज वर गेला की खाली?
वर, म्हणतो तो.
गेलेला असतो खाली.

हा माणूस एकतीस वर्षं
लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाड्यांच्या कडेनं चालला.
चाकावर एक टोला. खणखणीत वाजलं की पुढचं चाक.
बद्द वाजलं की खडूची फुली, अख्खा डबा बाजूला.
केसाएवढी चीर ऐकू यायची त्याला, बर्फात, वाफेत, शिट्ट्यांत.
बाजारात कलिंगडं वाजवून घ्यायला
शेजारणी त्यालाच सोबत न्यायच्या.

मग कान गेले. आधी पाखरं, मग स, मग श, मग मी.
आणि कानामागून विसर आला
नि तिखट झाला.
गॅस. किल्ल्या. भाच्याचं लग्न झालंय की व्हायचंय.
डॉक्टर म्हणाले, सौम्य आहे.
त्याला ऐकू जावं म्हणून ओरडून म्हणाले: सौम्य!

एक सांगायचं राहिलं.
तो ऐकेनासा झाला, तेव्हापासून मी बोलायला लागले.
सात वर्षं, त्याच्या पाठीमागे, ओट्याशी,
नेहमीच्या आवाजात. कुजबुजायची गरजच नव्हती.
म्हणाले, तुझी आई मला कधी आवडली नाही.
म्हणाले, खसखशीचा केक तुझ्यासाठी करते, माझ्या दातात अडकतो.
म्हणाले, बहात्तर साली मी पेचला निघाले होते,
तिथं हातमोज्यांच्या कारखान्यात मला जागा मिळाली होती,
पेटी भरून दाराशी होती, तू चाकं वाजवायला गेला होतास,
आणि ती पेटी मी परत का रिकामी केली
ते मला अजून कळलेलं नाही.
पेच, पेच, म्हणायचे मी बशा पुसताना.
भिंतीपेक्षा बरा होता तो.
मधूनच मान डोलवायचा.

आता त्याच्या कानांत दोन यंत्रं आहेत, घेवड्याच्या बीएवढी.
पहिल्या रात्री त्यानं फ्रिज बंद करायला लावला.
सकाळी वर्तमानपत्राचं पान उलटलं तर दचकला.
आणि मी माझ्याच स्वयंपाकघरात
चमचेसुद्धा हळू ठेवायला लागले.

घरचा अभ्यास असा: रेडिओ चालू ठेवायचा,
तोंडापुढे कागद धरून मी पाच शब्द वाचायचे,
त्यानं त्याच क्रमानं परत म्हणायचे.
बरोबरला खूण, चुकीला फुली.
पहिल्या आठवड्यात दोन आले. मग तीन. ईस्टरपर्यंत चार.
पाचवा येतच नाही,
कुठल्यातरी यार्डात सिग्नलला उभा राहतो.

काल मी वाचलं: चमचा, पूल, कोट, मीठ, पत्र.
त्यानं डोळे मिटले. अंगठ्यानं टेबलावर एकेक टोला दिला.
चमचा.
पूल.
कोट.
मीठ.
मग बराच वेळ रेडिओवर नुसतं हवामान,
बालातोनकडे वारा, इकडे धुकं.
मग म्हणाला,
पेच.

पहिलं अक्षर जवळचं आहे. चेंगे म्हणेल, थोडक्यात हुकलं, आजोबा.
रोज असं हुकतंच काहीतरी, त्यात काय.
पण मी पेन्सिल धरून बसले,
त्या एका शब्दात कुठं बद्द वाजतंय का
ते ऐकत.

बरोबर? त्यानं विचारलं. मिठाच्या डबीकडे बघून विचारलं.

मी म्हणाले, मला ऐकू आलं नाही. परत म्हण.

तो उठला, टेबलाला धरून,
आणि त्यानं रेडिओ बंद केला.